संमतीवाचून रुग्णालयात

हिंगोली, वसमत वा कळमनुरी येथील एखाद्या मनोरुग्णास संमतीवाचून रुग्णालयात ठेवावयाचे झाल्यास केवळ नातलगांचा आग्रह पुरेसा होत नाही. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमान्वये नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज हवा, आणि एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा मानसोपचारक अथवा वैद्य यांनी स्वतंत्रपणे तपासून, रुग्णापासून स्वतःस वा इतरांस इजेचा, किंवा त्याची स्वतःची आबाळ होण्याचा, धोका असल्याचा निर्वाळा द्यावा लागतो. मुदत फार तर ३० दिवसांची. स्त्री दाखल झाल्यास ३ दिवसांत, पुरुष झाल्यास ७ दिवसांत पुनर्विलोकन मंडळास वर्दी देणे बंधनकारक आहे. दाखल करण्याविरुद्ध रुग्णास या मंडळाकडे दाद मागता येते; गुन्हेगारालाही जी दाद मिळते, ती निरपराध आजाऱ्यास नाकारणे हा उघड अन्यायच होय. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात, म्हणजे हिंगोलीकरांस औरंगाबाद खंडपीठात, अपील करता येते. विधिसाहाय्य मोफत मिळते, ते अवश्य मागावे.