सोने कोणत्या भट्टीतले?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी त्याचा नमुना माझ्याकडे येई. कार्बन किती, सिलिकॉन किती, हे मी मोजून सांगेपर्यंत ओतकाम थांबलेले असे. माझा आकडा चुकला, तर सगळा माल भंगारात!

तिथे खानापूर तालुक्यातला एक कामगार होता. त्या भागातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. एकदा त्याने विचारले, "साहेब, माझा भाऊ सोनं गाळतो, मी लोखंड ओततो. पण मुळात हे सोनं कुठल्या भट्टीत तयार झालं?" मी ठोकून दिले, "फुटणाऱ्या ताऱ्यात." उत्तर अर्धवट होते, हे पुढे कळले.

मोठ्या ताऱ्याच्या पोटात हलकी अणुकेंद्रे एकमेकांत मिसळत जातात आणि ऊर्जा मिळते. लोखंडापाशी मात्र ही भट्टी विझते. त्यापुढे मिसळून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. लोखंडाच्या अणुकेंद्रात २६ प्रोटॉन, सोन्याच्या ७९. मग एवढी मजल गाठायची कशी? न्यूट्रॉनच्या मदतीने. त्यावर विद्युतभार नसल्याने तो अणुकेंद्रात सहज शिरतो. आत न्यूट्रॉन जास्त झाले, की काहींचे प्रोटॉन होतात आणि पुढचे मूलद्रव्य तयार होते.

हा आराखडा १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी मांडला. हॉइल म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. फाउलर यांनी ताऱ्यांतल्या अणुप्रक्रिया प्रयोगशाळेत मोजण्यात आयुष्य घालवले. त्यांना १९८३ चे नोबेल मिळाले.

सोन्याचा बहुतेक भाग मात्र न्यूट्रॉनच्या अशा मुसळधार पावसात बनतो, की मधली अणुकेंद्रे सेकंदभरही टिकत नाहीत. ती मोजायची कशी? जपानच्या रिकेन संस्थेत युरेनियमची अणुकेंद्रे प्रचंड वेगाने बेरिलियमवर आदळवतात. उडालेले तुकडे चुंबकांनी निवडून सिलिकॉनच्या चकतीत रुतवतात आणि प्रत्येक तुकडा किती वेळाने इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो, ते टिपतात. अशा ११० प्रकारच्या अणुकेंद्रांची अर्धायुष्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

ती न्यूट्रॉन किती सहज गिळतात, हे मोजणे आणखी अवघड. सुटा न्यूट्रॉनही सरासरी पाव तासच टिकतो. म्हणून जड हायड्रोजन वापरतात. त्याच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. वेगाने जाणारे अणुकेंद्र त्यातला न्यूट्रॉन पळवते आणि प्रोटॉन मागे सुटतो. चोर हाती लागत नसेल, तर ज्याच्या घरी चोरी झाली त्याची जबानी घ्यायची, तसे हे! आपल्याकडेही मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉन यंत्रावर शास्त्रज्ञांनी अशाच आडमार्गाने प्रोटॅक्टिनियमच्या एका अल्पायुषी प्रकाराची न्यूट्रॉनशी होणारी प्रक्रिया अभ्यासली. ते निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे प्रश्न थोरियमच्या अणुभट्ट्यांचा होता, ताऱ्यांचा नव्हे. युक्ती मात्र त्याच जातीची.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची खबर पृथ्वीवर आली. त्या उजेडात जड मूलद्रव्ये तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या. मग सोने अशा टकरींतले किती आणि फुटणाऱ्या ताऱ्यांतले किती? हा हिशेब या मोजमापांवर अडला आहे. न मोजलेल्या अनेक अणुकेंद्रांसाठी वेगवेगळ्या गणितांची उत्तरे दहा-दहा पटींनी वेगळी येतात.

तो कामगार परवा भेटला. जुने उत्तर दुरुस्त करून मी म्हणालो, "भट्ट्या एकाहून जास्त असाव्यात. कुणाचा वाटा किती, ते अजून मोजतायत."

तो हसला. "म्हणजे नमुना अजून लॅबमध्येच आहे म्हणा की, साहेब!"