उभं राहायला शिकताना

बॅले म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा झगा, सडपातळ मुलगी आणि पायाच्या बोटांच्या टोकांवर तरंगत जाणं. त्या चित्रात पोट सुटलेल्या, ५६ वर्षांच्या मराठी कवीला कुणी जागा ठेवलेली नसते. तरीही गेलं दीड वर्ष मी दर शनिवारी सकाळी मुंबईतल्या एका बॅलेच्या वर्गाला जातो. 'या वयात नाच?' असं इतक्यांनी विचारलं आहे, की आज त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं म्हणतो.

आधी थोडा इतिहास. बॅले वाढला तो युरोपातल्या राजदरबारांत, आणि तिथे नाचत असत ते हौशी दरबारी, म्हणजे चांगली मोठी माणसं. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यानं बॅलेत सूर्याची भूमिका केली आणि पुढे 'सूर्यराजा' हीच त्याची ओळख झाली. १६६१ मध्ये त्यानं पॅरिसला नृत्याची अकादमी स्थापन केली. म्हणूनच बॅले जगात कुठेही शिका, त्यातले शब्द फ्रेंचच असतात. पॅरिसच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तिका आल्या त्या १६८१ मध्ये. बोटांच्या टोकांवरचं नृत्य गाजलं ते तर १८३२ मध्ये, मारी ताल्योनीच्या 'ला सिल्फिद'मुळे. आपल्या मनातलं ते चित्र बरंच नंतरचं आहे.

आता वर्गात चला. आम्ही पंधराएक जण आहोत, बहुतेक तिशी-चाळिशीतले नोकरदार. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना 'टीचर' म्हणतो, त्या मला 'अंकल' म्हणतात आणि पाठ वाकली की ओरडतात. भिंतीलगत कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडी असते, तिला 'बार' म्हणतात. 'शनिवारी सकाळी बारला जातो' हे वाक्य चारचौघांत जपून उच्चारावं लागतं.

दांडीवर हात नुसता टेकवायचा, लोंबकळायचं नाही. पहिला धडा 'प्लिए', म्हणजे गुडघे वाकवणं. टाचा जुळवलेल्या, पावलं बाहेर वळलेली, आणि टाचा न उचलता सावकाश खाली जायचं. नमाजातला रुकू आणि सजदा आयुष्यभर केलेला असल्यानं वाकणं मला नवं नव्हतं. पण रुकूत पाठ आडवी होते, इथे ती भिंतीसारखी उभी ठेवूनच खाली जायचं असतं. मग 'ताँद्यू', म्हणजे पाऊल जमिनीवरून घासत सरळ पाय ताणणं. मग 'रलव्हे', म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. सगळं आठ-आठच्या मोजणीवर. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रा मोजायची सवय असते, त्यामुळे मोजणी जमली. पाय मात्र बरेच दिवस तिच्या मागून येत होते.

गंमत अशी, की नामवंत नर्तकांचा रोजचा सरावही साधारण याच प्लिएपासून सुरू होतो. गवयाचा षड्ज सुटत नाही, तसंच हे.

मोठ्या वयात शिकणाऱ्यानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवतात. ते वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची निराळी असते आणि लहानपणापासूनच्या सरावानं जे साधतं ते आपल्याला साधत नाही. मग नवशिका पावलंच जबरदस्तीनं बाहेर फिरवतो. आरशात छान दिसतं, पण सगळा पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून खुबा देईल तेवढंच घ्यावं. टोकदार कडक बुटांच्या नादी तर लागूच नये. त्यासाठी वर्षानुवर्षांची तयारी लागते. आपल्याला कापडी किंवा चामड्याचे मऊ बूट पुरतात. गुडघे, पाठ किंवा हृदयाची तक्रार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मग या खटाटोपातून मिळतं काय?

माझे वडील सत्तरीत न्हाणीघरात घसरून पडले. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण आधाराशिवाय ते पुन्हा उभे राहिले नाहीत. रोज मैलभर चालणारा माणूस शेवटची दोन वर्षं खाटेवरून खिडकीकडे बघत राहिला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पडून होणारे मृत्यू सर्वांत जास्त साठीपुढच्या माणसांचे असतात. तोल आपण गृहीत धरतो. वयाबरोबर तो कमी होत जातो, पण सरावानं बराच टिकवता येतो. दांडीपाशी चालतो तो बराचसा तोलाचाच अभ्यास. एका पायावर वजन घ्यायचं. घोटा, पोटरी, कंबर यांना जागं ठेवायचं. मी कधीच पडणार नाही, अशी हमी बॅले देत नाही. पण हल्ली पायजमा चढवताना मला भिंत धरावी लागत नाही. ही कमाई मला लहान वाटत नाही.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सनं २०१७ मध्ये खास ५५ वर्षांपुढच्या लोकांसाठी 'सिल्व्हर स्वान्स' हे वर्ग सुरू केले. मुंबईलाही बॅले नवा नाही. तुश्ना डल्लास यांनी इथे १९६६ साली बॅलेची शाळा काढली. आणि सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा २०२० चा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान या साध्या घरांतल्या दोन मुलांच्या आयुष्यावर तो बेतला आहे. मनीष बॅलेकडे वळला तो विशीच्या आसपास, म्हणजे या कलेच्या हिशेबानं फारच उशिरा. चित्रपटात स्वतःची भूमिका त्यानं स्वतःच केली.

आमच्या वर्गातलं कुणी रंगमंचावर जाणार नाही. कवितेत तीसेक वर्षं काढल्यावर लोक आपल्याकडे काही एका अपेक्षेनं बघतात. इथे माझ्याकडून कुणालाच काही नको असतं. कौतुक नाही, टीका नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा प्लिए. या वयात असं निव्वळ विद्यार्थी होता येणं ही मोठी चैन आहे.

तुम्हालाही जावंसं वाटलं, तर प्रौढ नवशिक्यांचा वर्ग शोधा आणि पहिल्या दिवशी खुशाल मागच्या रांगेत उभे राहा. पाठ तेवढी सरळ ठेवा.