अव्हेन्यू सुपरमार्ट्स म्हणजे कोण?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नवीन पनवेलमधल्या कुठल्याही बँकेत पासबुक छापायच्या मशिनपाशी जरा थांबा. कोणीतरी छापील ओळीवर बोट ठेवून काउंटरवर विचारत असतं, “हे अव्हेन्यू सुपरमार्ट्स कोण? आम्ही असल्या दुकानात कधी गेलोच नाही.” गेलेले असतात, चांगली ट्रॉली भरून आलेले असतात. अव्हेन्यू सुपरमार्ट्स लिमिटेड ही डी-मार्ट चालवणारी कंपनी. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं आणि २०१७ च्या मार्चमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. शेअर घेणाऱ्यांना हे नाव पाठ आहे, तूरडाळ घेणाऱ्यांना ते कधी कोणी सांगितलंच नाही.

गोम एवढीच, की दुकानाला दोन नावं असतात. एक पाटीवरचं आणि एक कागदावरचं. बँकेला पाटी दिसत नाही. पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचं नाव तेवढं तिला ठाऊक असतं आणि तेच ती छापते. त्यामुळे स्टार बझारमधली खरेदी ‘ट्रेंट हायपरमार्केट’ म्हणून येते, रिलायन्स स्मार्टची किंवा जिओमार्टची ‘रिलायन्स रिटेल’ म्हणून. बिगबास्केटच्या मागे ‘इनोव्हेटिव्ह रिटेल कन्सेप्ट्स’ असं भारदस्त नाव आहे आणि पुढे गाव बंगळुरू. भाजी आली खांदा कॉलनीत आणि स्टेटमेंट म्हणतं बंगळुरू, म्हणून घाबरायला होतं. पण ते गाव कंपनीच्या कार्यालयाचं असतं, माल जिथून निघाला तिथलं नव्हे. ब्लिंकिटपुढे गुरुग्राम दिसतं ते याच कारणाने.

झटपट सामान पोचवणाऱ्या कंपन्यांनी हा गोंधळ आणखी वाढवला, कारण त्या नावं बदलत राहिल्या. ब्लिंकिट २०२१ च्या अखेरपर्यंत ग्रोफर्स होतं. आता कागदावर ते ‘ब्लिंक कॉमर्स’ आहे आणि त्याची मालक असलेली झोमॅटो २०२५ पासून ‘इटर्नल’ झाली. झेप्टोच्या कंपनीचं नाव २०२५ पर्यंत ‘किराणाकार्ट टेक्नॉलॉजीज’ होतं. स्विगी इन्स्टामार्टच्या जुन्या व्यवहारांपुढे ‘बंडल टेक्नॉलॉजीज’ सापडेल. आयकरासाठी किंवा कर्जासाठी दोन-तीन वर्षांची स्टेटमेंटं काढलीत, तर एकाच ॲपची दोन-दोन नावं दिसतील, ती दोन दुकानं समजू नका. यापुढेही ही नावं बदलतील, तेव्हा यादी पाठ करण्यापेक्षा ओळ वाचायला शिकणं फायद्याचं.

कोपऱ्यावरच्या वाण्याचं प्रकरण मात्र निराळं. पाटीवर देवाचं नाव, साउंडबॉक्समधून मोठ्या आवाजात पैसे मिळाल्याची घोषणा आणि पासबुकात मात्र कुणा अनोळखी गृहस्थाचं नाव. तो माणूस दुकानदाराचे वडील असू शकतात, भाऊ असू शकतो, दुकान चालवायला देणारा मूळ मालकही असू शकतो. छोट्या दुकानाचं खातं अनेकदा माणसाच्या नावावरच असतं. यावर एक चांगला उपाय आता झाला आहे. पैसे पाठवण्याआधी ॲपवर समोरच्याचं बँकेच्या नोंदीतलं नाव दिसलं पाहिजे, असं बंधन यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३० जून २०२५ पासून छोट्या व्यापाऱ्यांच्या आणि माणसा-माणसांतल्या व्यवहारांना घातलं. पिन टाकण्याआधी त्या नावावर एक नजर टाकायची सवय लावली, तर महिनाअखेरीची निम्मी कोडी पडणारच नाहीत.

आता ती ओळ. पासबुकात ती इंग्रजी अक्षरांत आणि अर्धवट तोडलेली असते, कारण छापायला जागा कमी. साधारण अशी: ‘यूपीआय/डीआर/५१८७१९०४४२३१/अमुक ट्रे/वायईएसबी/क्यू४१…’. प्रत्येक बँकेची मांडणी थोडी वेगळी, पण माल तोच. ‘डीआर’ म्हणजे खात्यातून गेले, ‘सीआर’ म्हणजे आले. नाव बहुधा मध्येच कापलेलं असतं, म्हणून मी तरी ते सगळ्यात शेवटी वाचायला सांगेन.

आधी तो बारा आकडी संदर्भ क्रमांक पाहा. त्याचा पहिला अंक सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षाचा कितवा दिवस. वरच्या नमुन्यात ५ म्हणजे २०२५ आणि १८७ वा दिवस म्हणजे ६ जुलै. तो रविवार होता. पासबुकात मात्र तारीख ७ जुलैची असू शकते, कारण काही बँका सुट्टीच्या दिवशीचे किंवा रात्री उशिराचे व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी नोंदवतात. “सोमवारी तर आम्ही घरातच होतो” या वादाचा निकाल इथे लागतो. हाच बारा आकडी क्रमांक फोनमधल्या यूपीआय ॲपच्या इतिहासातही असतो. दोन्ही जुळले की तिथे वेळ मिनिटासकट मिळते, आणि वेळ कळली की आपण कुठे होतो ते आठवायला फारसं डोकं खाजवावं लागत नाही.

मग चार अक्षरं. ती समोरच्याच्या बँकेची, आयएफएससी कोडाची पहिली चार. ‘एमएएचबी’ म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, ‘एसबीआयएन’ म्हणजे स्टेट बँक. ‘यूटीआयबी’ पाहून युनिट ट्रस्ट आठवेल, ती अ‍ॅक्सिस बँक. २००७ पर्यंत तिचं नाव यूटीआय बँक होतं, कोड तेवढा जुना राहिला. येस बँकेचं ‘वायईएसबी’ वारंवार दिसतं, म्हणून दुकानदाराचं खातं तिथेच असेल असं नाही. दुकानातला क्यूआर फोनपे, भारतपे अशा एखाद्या कंपनीने लावलेला असतो आणि तिची व्यवस्था ज्या बँकेमार्फत चालते तिचा कोड तुमच्या ओळीत उतरतो. ‘क्यू’ने सुरू होणारा आणि ‘वायबीएल’ने संपणारा पत्ता दिसला, तर तो बहुतेक फोनपेच्या दुकानी क्यूआरचा.

कार्डाने पैसे दिले असतील तर ओळ ‘पीओएस’ने सुरू होते आणि दुकानाचं गाव शेवटी येतं. क्रेडिट कार्डाच्या ॲपवर खर्चाचा प्रकारही लिहिलेला असतो. तो येतो व्यापाराच्या चार आकडी वर्गावरून, आणि किराणा-सुपरमार्केटचा वर्ग आहे ५४११. नाव अनोळखी, पण वर्ग किराण्याचा असेल, तर शोध घरातल्या डब्यांपासून सुरू करायला हरकत नाही.

बिल हाताशी असेल तर आणखी एक पक्की खूण आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. बिलावर पंधरा अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधायच्या रकान्यात तो टाकला, की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. बिल हरवलं असेल तर दुकानाच्या पाटीकडे पाहा, कारण नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने पाटीवर हा क्रमांक लावायचा असतो. अगदी छोट्या वाण्याला नोंदणीची सक्ती नसते. तिथे सरळ त्यालाच विचारावं, “काका, तुमचं खातं कुणाच्या नावावर आहे?” कोणी रागावत नाही.

नाव जुळलं तरी रक्कम न जुळण्याचा प्रकार ॲपवरच्या खरेदीत नेहमीचा. टोपलीत ४१२ रुपयांचं सामान असतं आणि खात्यातून जास्त जातात. मध्ये घरपोच आणायचे, हाताळणीचे, कधी पावसाचे म्हणून लावलेले पैसे असतात. उलट एखादी वस्तू मिळालीच नाही, तर तिचे पैसे त्या ओळीतून वजा होत नाहीत. चार-सहा दिवसांनी वेगळी ‘सीआर’ ओळ येते, आणि कधी कधी ते पैसे बँकेत न येता ॲपच्याच वॉलेटमध्ये पडतात. हे वॉलेट तपासायचं राहून गेलं, की बायको म्हणते पैसे परत आले नाहीत आणि कंपनी म्हणते दिले.

पैसे गेले, पण दुकानदाराकडे आवाजच झाला नाही, म्हणून पुन्हा स्कॅन केलं, असंही होतं. मग एकाच रकमेच्या दोन ओळी. असा फसलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं आहे. दोन्ही वेळा पैसे दुकानदाराला पोचले असतील तर मात्र तो फसलेला व्यवहार नव्हे. ते त्याच्याकडूनच परत घ्यायचे.

यूपीआय लाइट वापरणाऱ्यांना उलटं कोडं पडतं. स्टेटमेंटवर १,००० किंवा २,००० रुपयांची एकच गोल ओळ दिसते, दुकानाचं नावच नाही. कारण बँकेच्या लेखी पैसे फक्त लाइटमध्ये भरले गेले. त्यातून घेतलेलं दूध, कोथिंबीर, वडापाव हे सगळं ॲपच्या इतिहासात. आपोआप भरणा चालू ठेवला असेल तर ही ओळ न सांगता येत राहते. घरातल्या दुसऱ्या माणसाला यूपीआय सर्कलमध्ये जोडलं असेल, तर त्याची खरेदीही तुमच्याच खात्यात उमटते. तेव्हा बँकेत जाण्याआधी घरात एकदा मोठ्याने विचारून घ्यावं.

दर महिन्याला त्याच तारखेला तीच रक्कम जात असेल, तर ती ॲपची सदस्यता किंवा दुधाची वर्गणी असण्याचा संभव मोठा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या रकान्यात दिलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच त्या बंद करता येतात. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं बंधन आहे. तो मेसेज आपण जाहिरात समजून वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

एवढं करूनही ओळ अनोळखीच राहिली, तर मग वेळ घालवू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे कामाचं आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ. त्यापुढे बँकेचं धोरण ठरवेल ते. सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. हे दिवस मोजले जातात बँकेने व्यवहार कळवला तेव्हापासून, म्हणजे मेसेज आला तेव्हापासून. पासबुक छापलं त्या दिवसापासून नव्हे. तीन महिन्यांनी एकदा पासबुक भरून आणणाऱ्याची मुदत रांगेत उभं राहण्याआधीच संपलेली असते. ओटीपी किंवा पिन स्वतःच कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

फसवणूक वाटली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला सांगून कार्ड किंवा यूपीआय बंद करा, आणि तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. शाखेत जाऊन तोंडी सांगितलेल्या तक्रारीला पुढे काही किंमत राहत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. त्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.