काचेतलं बाळ आणि बाहेरचे सल्ले

“बाळाला काचेत ठेवलंय” एवढा निरोप घरी पोचला की सल्ले सुरू होतात. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, सव्वा किलोचं मूल आत. बाहेर बाकावर बाप, आजी आणि डबा घेऊन आलेली मावशी. “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही,” हे कुणीतरी म्हणतंच. खरं तर आहे नेमकं उलटं. श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून सरफॅक्टंट लागतं, आणि ते पुरेसं तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे जावे लागतात. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा. मुदतीच्या फार आधी कळा सुरू झाल्या तर डॉक्टर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती बाळाच्या फुप्फुसांसाठी. घाबरून नाही म्हणू नये.

मग आईची उलटतपासणी. घागर उचलली का, ग्रहण पाळलं का, पपई खाल्ली का? जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळं, गर्भपिशवीचं तोंड लवकर उघडणं ही खरी कारणं. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही. ओल्या बाळंतिणीला गुन्हेगार ठरवून दूध मात्र वाढत नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे काच बाळाला वाढवते, घरच्यांनी फक्त बाहेर थांबायचं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. तीच कांगारू पद्धत. पुढे दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत अभ्यास झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच अशी ऊब दिली, तेव्हा मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका कुशीला, वरून कापड घट्ट. दिवसातून किमान आठ तास. बापाची छातीही चालते. शर्टाची बटणं काढताना तो उगाच लाजतो, एवढंच.

“दूध येतंच नाही, पावडर आणू का?” हा बाकावरचा पुढचा प्रश्न. पहिल्या दिवसांत थेंबच येतात आणि बाळाला लागतातही थेंबच. ओढणं, गिळणं, श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर आईने हाताने वाटीत काढलेलं दूध तोंडातून पोटात घातलेल्या नळीने जातं, मग बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. आईच्या दुधावरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याच्या जीवघेण्या दाहाचा धोका कमी असतो. खरंच कमी पडलं तर दूधपेढी आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९पासून चालते.

घरी आणलं की जन्मघुटी, मध, नाकात तेल, धुरी. यातलं काहीही नको. धुरी तर आधीच नाजूक असलेल्या फुप्फुसांना त्रासच देते.

डोळ्यांच्या तपासणीला मात्र तारीख असते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा, फार लहान असेल तर त्याआधीच. डोळे वरून टपोरे, स्वच्छ दिसतात आणि आत पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेत लेसर झालं तर दृष्टी वाचू शकते.

लस “अजून वजन भरलं नाही” म्हणून लांबवतात, तेही चूक. प्रकृती स्थिर असेल तर लस जन्मतारखेनुसारच. वाढीचा हिशोब मात्र वेगळा. दहा आठवडे आधी आलेलं मूल सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या दृष्टीने जेमतेम पावणेचार महिन्यांचं. शेजारचं पालथं पडतं म्हणून रडू नये. पण या हिशोबानेही मागे असेल तर “होईल हळूहळू” म्हणत बसू नये.

आणि सरकारीत काही नसतं, ही समजूत. जिल्हा रुग्णालयांत नवजात अतिदक्षता कक्ष आहेत आणि सरकारी रुग्णालयांत आजारी अर्भकाचे उपचार वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. घरी आल्यावर आशाताई येतील तेव्हा त्यांच्याकडून एक शिकून घ्यावं : पोट कोमट आणि तळपाय गार लागले तर बाळ लगेच छातीशी घ्यायचं, पोटही गार लागलं, दूध ओढेना किंवा श्वास मध्येच थांबू लागला, तर तसंच छातीशी धरून रुग्णालय गाठायचं.