वस्तूंची ओळख मेंदू कुठे ठेवतो?

भडगावच्या बाजारात वांग्यांचा ढीग दिसला, की 'वांगं' हा शब्द आठवायला आपल्याला क्षणही लागत नाही. पण मंडळी, तेवढ्यात डोक्यात केवढी धावपळ होते! वांग्याचा रंग आणि आकार मेंदूच्या मागच्या व खालच्या भागात साठवलेला. देठाचा काटा बोटाला टोचतो ही ओळख स्पर्शाच्या भागाजवळ, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताचा वास तिसरीकडेच. मेंदू म्हणजे काही वाण्याचं दुकान नव्हे, की एका डब्यात अख्खं वांगं सापडावं. या विखुरलेल्या माहितीची गाठ कानशिलाच्या आत, मेंदूच्या तिथल्या भागाच्या पुढच्या टोकाशी पडते, असे आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

हे बरेचसे कळले ते आजारी माणसांवरून. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९८४ साली मेंदूच्या दाहातून उठलेल्या चार रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकाला होकायंत्र कशासाठी असते ते सांगता येई. पोपट म्हणजे काय, हे मात्र सांगता येईना! सजीव वस्तू आपण रूपावरून ओळखतो आणि अवजारे उपयोगावरून, असे कारण त्यांनी सुचवले. त्यावर वाद अजून चालू आहे.

वस्तूची ओळख एक आणि तिचे नाव दुसरे. म्हणून तर नाव अगदी तोंडावर असते, पण येत नाही. आपल्याकडे घरी अहिराणीत 'आंडेर' म्हणतात, पुस्तकात 'मुलगी' लिहितात. ओळख एकच, नावे दोन. गुरुजींनी हे ध्यानात घ्यावे. पुस्तकी शब्द न आलेल्या पोराला गोष्टच माहीत नाही, असे धरून चालू नये. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती, पण शेताची आणि सुगरणीच्या खोप्याची त्यांची जाण कुणा शिकलेल्याला कमी म्हणता येईल?

पाठ करून घेण्याविषयीही एक सांगतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी. आजोबांना विळ्याचं नाव आठवलं नाही, पण हातात देताच त्यांनी गवत कापून दाखवलं, तर बहुधा ते वयाचं विसरणं. विळा हातात घेऊन 'हे काय असतं?' असं ते विचारू लागले, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. हा मेंदूचा आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. आणि बोलता बोलता एकाएकी शब्द गेले, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला मोठ्या इस्पितळात न्या. अशा झटक्यावरचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं.