गुप्तधनाचे दुःस्वप्न

अखंड कोसळणारा पाऊस हा देवांचा कोप होय, या कल्पनेवर उभा असलेला चित्रपट जालना जिल्ह्यातील आष्टीचा प्रेक्षक प्रथमच पाहतो, तेव्हा तो आरंभीच बुचकळ्यात पडतो. परतूर तालुक्यातील या गावात मृग लागला की साऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. तेथे पाऊस हा शाप कसा मानावा? राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रेक्षकाला त्याच्या ओळखीच्या जगातून असा उचलून नेतो आणि मग दुःस्वप्न सुरू होते. साखळदंडांनी जखडलेली, मरणही न येणारी म्हातारी. पुढे तिच्याच देहातून उगवलेले झाड. देवीच्या गर्भातील तांबडा अंधार आणि कणकेच्या बाहुलीवर तुटून पडणारा हस्तर!

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद लाभला. पुढे एकाने दुसऱ्यास सांगावे, असा त्याचा लौकिक वाढत गेला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. हे यश केवळ भयाचे आहे काय?

वस्तुतः भय ओसरल्यावर उरतो तो हिशेब. कथानायक विनायक तुंबाडच्या वाड्यात उतरतो, हस्तरच्या लंगोटीतून सांडलेल्या मूठभर सोन्याच्या मोहरा उचलतो, पुण्यास परततो आणि त्या संपताच पुन्हा निघतो. या धनामागे ना उत्पादन, ना श्रम, ना काही कौशल्य. मुलाला द्यावयाची विद्याही तीच! मग १९४७ साली तो मुलगाच सुचवितो, की मूठभर मोहरांऐवजी सारी लंगोटीच का आणू नये? त्यासाठी बाहुल्या वाढविल्या जातात. पण बाहुल्या जितक्या, तितकेच हस्तर समोर उभे राहतात.

हे सारे कल्पित आहे, असे म्हणून आष्टीच्या प्रेक्षकाला सुटता येत नाही. भानामतीची दहशत मराठवाड्याने अनुभवली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. आणि पहार घेऊन जमीन न खणणारे सुशिक्षितही दामदुप्पट योजनांत आयुष्यभराची पुंजी ओततातच की! विनाश्रम धनाची आशा दोहोंच्या मुळाशी एकच आहे.

चित्रपटाच्या शेवटी बाप सारी लंगोटी मुलापुढे धरतो आणि मुलगा ती नाकारतो. अघोरी कृत्यास शिक्षा करणे कायद्याला शक्य आहे. हा नकार मात्र घराघरांतून आणि शाळा-महाविद्यालयांतूनच शिकवावा लागेल.