साडेतीन शहाण्यांपैकी नागपूरचा एक

वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाट जिल्ह्यातील लांजीचा जुना किल्ला पाहताना नागपूरकर भोसल्यांची आठवण होते. गोंड राजांनंतर हा मुलूख त्यांच्या अमलात आला. पुढे १९५६ पर्यंत आमची राजधानीही नागपूरच होती. मध्यम बळाच्या राष्ट्रांनी बलाढ्यांमध्ये आपले वजन कसे राखावे, याची चर्चा आज वृत्तपत्रांतून वाचताना वाटते की, हा धडा आपल्या अंगणातच गिरविला गेला आहे.

नागपूरचे राज्य पुण्याइतके बलिष्ठ नव्हते, पण दुर्लक्ष करण्याइतके लहानही नव्हते. १७५१ च्या तहाने नबाब अलिवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी सालीना १२ लक्ष रुपये कबूल केले आणि ओरिसा भोसल्यांकडे आला. कलकत्ता व मद्रास ही दोन्ही ठाणी इंग्रजांची होती आणि त्यांमधील खुष्कीची वाट भोसल्यांच्या कटकेवरूनच जात होती. नागपूरचे खरे भांडवल ते हेच.

हे भांडवल वापरणारा मुत्सद्दी म्हणजे दिवाकरपंत ऊर्फ देवाजीपंत चोरघडे. मराठेशाहीतील सुप्रसिद्ध साडेतीन शहाण्यांत त्यांची गणना होते. १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाबरोबर पुणे लुटण्यास गेले; पण ३२ लक्षांच्या मुलखाचे आश्वासन मिळताच राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी त्यांनी निजामाची बाजू सोडली. लाभ मोठा झाला, परंतु विश्वास उडाला. १७६६ मध्ये पेशवे व निजाम मिळून चालून आले आणि त्यातील २४ लक्षांचा मुलूख परत गेला. १७६९ च्या कनकापूरच्या तहाने तर परराज्यांशी परस्पर बोलणी करण्यासही मनाई झाली.

तरीही बोलणी थांबली नाहीत. पुणे, हैदराबाद व म्हैसूर यांनी इंग्रजांविरुद्ध जूट केली, तेव्हा बंगालवर चालून जाण्याची कामगिरी नागपूरकडे आली. मुधोजी भोसल्यांनी पुत्र चिमणाबापू यांस सुमारे ३०,००० फौजेसह पाठविलेही. पण ही फौज रेंगाळत कटकेस पोहोचली आणि तेथेच थबकली. कलकत्त्यास भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित वॉरन हेस्टिंग्जशी बोलत होते. अखेर १७८१ मध्ये १३ लक्ष रुपये रोख व १० लक्षांच्या कर्जाची सोय एवढ्यावर सौदा ठरला. बंगाल वाचला आणि इंग्रजी पलटणी ओरिसातून निर्वेध मद्रासकडे गेल्या. त्याच वर्षी काशीच्या बंडाळीत हेस्टिंग्ज अडचणीत सापडला, तेव्हा बेनीरामांनी त्याच्यापुढे लाख रुपये ठेवले. वकील नेमका कोणाचा, असा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही. देवाजीपंतही त्याच वर्षी निवर्तले.

हा सौदा शहाणपणाचा होता काय? त्या घटकेचा हिशेब पाहिला, तर होता. फौज शाबूत राहिली आणि खजिन्यात भर पडली. पण दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचे मोल डगरी दोन असेपर्यंतच असते. १८०३ मध्ये दुसरे रघुजी शिंद्यांसह इंग्रजांशी लढले, तेव्हा असई व अडगाव येथे पराभव झाला, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटकेचा प्रांतच गेला. जी वाट विकून एकदा २३ लक्षांची तजवीज झाली होती, ती इंग्रजांनी कायमची घेतली. १८१६ मध्ये तैनाती फौज आली. १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले.

काळ बदलला, तरी वाटेचे मोल बदललेले नाही. काळ्या समुद्राच्या सामुद्रधुन्या राखणाऱ्या तुर्कस्तानने जुलै २०२२ मध्ये युक्रेनचे धान्य बाहेर पडावे म्हणून संयुक्त राष्ट्रसंघासह मध्यस्थी केली. वर्षभराने रशिया बाजूला झाला आणि तो करार संपला. मध्यस्थाचे बळ हे असे दोघांच्या गरजेवर उभे असते.

एकत्र कुटुंबातील मधल्या भावाचीही हीच गत असते. थोरला व धाकटा दोघेही त्याचा सल्ला घेतात, पण त्याच्या शब्दावर दोघांचा विश्वास असेल तोवरच. देवाजीपंतांची बुद्धी तोकडी पडली नाही. शब्दाची पत मात्र राक्षसभुवनापासूनच खर्ची पडत गेली. ती गेल्यावर नागपूरच्या पाठीशी उभे राहील असे कोणी उरले नाही.